सोलर बसवण्याआधी गच्चीवरची सावली मोजा

मे महिन्याचं वीजबिल हातात पडलं की घराघरांत सोलरचा विषय निघतो. सोलरवाल्याला फोन जातो. तो दुपारी बारा-एकच्या सुमारास येतो, गच्चीवर एक फेरी मारतो, लख्ख ऊन बघतो आणि ‘तीन किलोवॉट आरामात बसेल’ म्हणून सांगतो. त्यात खोटं काही नसतं. मे महिन्याच्या दुपारी आपल्या गच्च्यांवर सावली नसतेच. पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५ मेच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस. त्या दुपारी पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्याच बुडाशी मावते. तीच टाकी डिसेंबरात सकाळी साडेनऊला स्वतःच्या उंचीच्या पावणेदोन पट लांब सावली टाकते. म्हणजे निर्णय घेण्याचा हंगाम वेगळा आणि सावली दिसण्याचा हंगाम वेगळा, आणि पॅनल तर वीस-पंचवीस वर्षांसाठी बसतात.

म्हणून माझं सांगणं असं की, घरगुती सोलरसाठी ‘ऊन किती पडतं’ हे मोजत बसू नका. ते मोजून ठेवलेलं आहे. तुमच्या गच्चीवर मोजायची आहे ती सावली, कारण ती दुसऱ्या कुणीही मोजलेली नाही.

ऊन किती, हे आयतं मिळतं

भारतात सौर प्रारण, म्हणजे उन्हातून येणारी ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या (पृथ्वीच्या अभ्यासाच्या जागतिक मोहिमेच्या) निमित्ताने उभं राहिलं. ते उभं करण्यात पुण्याच्या हवामान खात्यात काम केलेल्या अण्णा मणी यांचा मोठा वाटा होता. उपकरणं परदेशातून आणण्यापेक्षा इथेच बनवायची आणि नीट जुळवून घ्यायची, हा त्यांचा आग्रह होता. आज आपण दोन मिनिटांत जो आकडा बघतो, त्याच्यामागे अशी अनेक वर्षांची मोजणी आणि त्यावर उपग्रहांची माहिती आहे.

तो आकडा बघायला ‘ग्लोबल सोलर ॲटलस’ हे जागतिक बँकेचं मोफत संकेतस्थळ उघडा आणि नकाशावर आपलं घर शोधा. तिथे एका चौरस मीटर आडव्या जागेवर किती किलोवॉट-तास (म्हणजे युनिट) ऊन पडतं ते दिसतं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी वर्षाची सरासरी रोज ५ ते ५.५ च्या आसपास येते. त्याखाली एक किलोवॉट पॅनलमागे वर्षाला किती युनिट मिळतील याचाही अंदाज असतो. ढोबळ हिशेब सगळे वापरतात तोच धरा: एका किलोवॉटला रोज सरासरी ४ युनिट, महिन्याला १२० आणि त्यासाठी साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा. महिन्याला ३०० युनिट लागत असतील तर अडीच-तीन किलोवॉट, म्हणजे तीनशे चौरस फूट. ही जागा बिनसावलीची हवी, हे या हिशेबात गृहीत धरलेलं असतं.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. पहिली, ॲटलसला डोंगर दिसतात, पण तुमची टाकी, शेजारची इमारत, दारचा नारळ दिसत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात सूर्य डोंगराआड लवकर जातो, हे त्यात धरलेलं असतं. जिन्याच्या खोलीचं मात्र काही नसतं. दुसरी, कडक ऊन म्हणजे भरपूर वीज असं नाही. पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते आणि मे महिन्यात विदर्भातल्या गच्चीवर पॅनल साठीच्या पुढे सहज जातं. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचं निरभ्र, जरा गार हवेतलं ऊन अनेकदा मे महिन्याला मागे टाकतं. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला उत्पादन खाली येतंच, कोकणात आणि घाटमाथ्यावर जास्तच. ते गृहीत धरून चाला, त्यावर उपाय नाही.

उत्तर दिशा पक्की करा

सावलीचा सगळा हिशेब दिशेवर चालतो. मोबाइलमधल्या होकायंत्रावर एकट्यावर विसंबू नका. स्लॅबमधलं लोखंड, रेलिंग, पत्र्याची शेड यांच्याजवळ ते सहज फसतं. गच्चीच्या दोन कोपऱ्यांत उभं राहून बघा, दोन वेगळी उत्तरं येतील. त्याऐवजी गवंड्याचा ओळंबा घ्या. दिनदर्शिकेत किंवा पंचांगात आपल्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त बघा आणि दोन्हींचा बरोबर मध्य काढा. त्या मिनिटाला ओळंब्याच्या दोऱ्याची जमिनीवर पडलेली सावली खडूने आखा. ती खरी उत्तर-दक्षिण रेषा.

हा मध्य घड्याळातल्या बाराला नसतो. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि आपण तिच्या पश्चिमेला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात तो साधारण १२:३३ ला येतो, नागपुरात १२:१२ ला. फेब्रुवारीच्या मध्यावर पुण्यात तो पावणेएकच्याही पुढे जातो. म्हणून दर वेळी पंचांग बघूनच काढा.

नकाशा आणि खडू

आता टेप घेऊन गच्ची मोजा आणि चौकटीच्या कागदावर उतरवा. कठडा, टाकी, जिन्याची खोली, पाण्याचे पाइप, डिश, कपड्यांच्या तारांचे खांब, सोलर वॉटर हीटर असेल तर तो, प्रत्येकाची जागा आणि उंची लिहा. उंची कुठून मोजायची ते नीट समजून घ्या. पॅनल जमिनीलगत बसणार असेल तर जमिनीपासून. सात-आठ फुटी स्ट्रक्चरवर बसणार असेल तर पॅनलच्या खालच्या कडेपासून. सहा फुटांची टाकी आठ फुटांवरच्या पॅनलला काहीच करत नाही. उंच स्ट्रक्चरचा खर्च जास्त, वाऱ्याचा जोर जास्त, पण गच्ची वापरायला राहते आणि निम्म्या सावल्या आपोआप संपतात. टाकी दक्षिणेला असलेल्या गच्चीसाठी मी तोच पर्याय आधी तपासेन.

नकाशा झाला की सुट्टीचा एक निरभ्र दिवस द्या. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेचारपर्यंत दर तासाला वर जा आणि प्रत्येक सावलीची कड खडूने आखून शेजारी वेळ लिहा. चायना मोझॅकवर पांढरा खडू दिसत नाही, निळा किंवा लाल घ्या. संध्याकाळपर्यंत टाकीभोवती पश्चिमेकडून उत्तरेवरून पूर्वेकडे उलगडत गेलेला एक पंखा तयार होतो: सकाळच्या पाकळ्या लांब आणि वायव्येला, दुपारची आखूड आणि थेट उत्तरेला, संध्याकाळच्या पुन्हा लांब आणि ईशान्येला. या पंख्याबाहेर जे उरतं ती तुमची जागा. तिथे पॅनलच्या मापाचे चौकोनही आखून बघा. सध्याचं ५४०-५५० वॉटचं पॅनल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट असतं. कागदावर सहा बसतात आणि गच्चीवर चार, हे आखल्याशिवाय कळत नाही. धुण्यासाठी दोन ओळींमध्ये चालायला जागाही लागते.

पॅनल उंचावर बसणार असेल तर जमिनीवरची सावली कामाची नाही. तेव्हा त्या उंचीची काठी पॅनलच्या कोपऱ्याच्या जागी उभी धरा आणि काठीच्या टोकावर ऊन आहे का ते बघा.

हे करायला सगळ्यात चांगला काळ कोणता? नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते संक्रांत. सूर्य सगळ्यात दक्षिणेला २१-२२ डिसेंबरला असतो, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे तीन-तीन आठवडे दुपारची उंची दोन-तीन अंशांपेक्षा जास्त बदलत नाही. त्यामुळे या दिवसांत केव्हाही आखलेली सावली ही वर्षातली जवळपास सगळ्यात लांब सावली असते. ती टाळली की दक्षिणेकडच्या अडथळ्यांचं काम झालं.

डिसेंबरची वाट पाहायची नसेल तर

तर हिशेब करा, अवघड नाही. पुण्याच्या अक्षांशावर (१८.५ अंश) २१ डिसेंबरला घड्याळाप्रमाणे असं चित्र असतं:

सकाळी ८:३० – सूर्याची उंची १७ अंश, सावली उंचीच्या ३.२ पट
९:३० – २९ अंश, १.८ पट
१०:३० – ३८ अंश, १.२५ पट
१२:३३ – ४८ अंश, ०.९ पट

दुपारनंतर हेच आकडे उलट क्रमाने येतात. साडेतीनला पुन्हा २९ अंश. कोल्हापुरात सूर्य दुपारी दोन अंश वर असतो, नागपुरात अडीच अंश खाली, तिथे दुपारची सावली उंचीइतकीच पडते.

साडेनऊला सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून सावली तिरपी वायव्येला जाते. ती सरळ उत्तरेकडे किती सरकते ते बघितलं तर उंचीच्या १.२ पट. उदाहरण घ्या: टाकीचा माथा पॅनलच्या खालच्या कडेपेक्षा ८ फूट वर आहे. दुपारी तिची सावली ७ फुटांच्या जरा पुढे जाते. साडेनऊला एकूण साडेचौदा फूट लांब, त्यात उत्तरेकडे साडेनऊ फूट आणि पश्चिमेकडे अकरा. म्हणजे टाकीच्या उत्तरेला साधारण दहा फूट सोडले तर साडेनऊ ते साडेतीन तुम्ही निर्धास्त. दिवसभरातल्या उन्हापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त ऊन या सहा तासांत येतं, म्हणून मी हीच खिडकी धरतो. साडेआठचीही सावली टाळायला गेलात तर उत्तरेला पावणेदोन पट जागा सोडावी लागते आणि गच्ची संपते. पॅनलच्या दोन ओळींमधलं अंतरही याच १.२ पटीने काढा. तिथे उंची धरायची ती पुढच्या ओळीच्या वरच्या कडेची, मागच्या ओळीच्या खालच्या कडेपेक्षा जितकी वर तितकी.

इमारत किंवा झाड टेपने मोजता येत नाही. त्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतला चांदा पुरतो. मध्यबिंदूला दोरा बांधून खाली नट किंवा किल्ली लटकवा. पॅनलच्या जागी बसा, चांद्याची सरळ कड वरच्या बाजूला ठेवून तिच्या रेषेत झाडाचा शेंडा बघा आणि दोरा ९० च्या खुणेपासून किती अंश सरकला ते वाचा. तो शेंड्याचा कोन. आता ताडून बघा: आग्नेयेला किंवा नैऋत्येला २९ अंशांपेक्षा उंच दिसणारं काहीही डिसेंबरात त्या सहा तासांच्या खिडकीत शिरणार. थेट दक्षिणेला ४८ पेक्षा कमी असेल तर दुपारचं ऊन तुमचंच. सूर्याकडे थेट बघायचं नाही. ही मोजणी सूर्य त्या बाजूला नसताना करा. सन सीकर, सन सर्व्हेयरसारखी ॲप कॅमेऱ्यातच सूर्याची वर्षभराची वाट दाखवतात आणि ती उपयोगीही आहेत, पण ती मोबाइलच्या होकायंत्रावर चालतात. आखलेल्या उत्तर रेषेशी आधी पडताळून मग विश्वास ठेवा.

उत्तरेकडे पाठ फिरवू नका

युरोप-अमेरिकेच्या हिशेबाने लिहिलेल्या माहितीत उत्तरेच्या अडथळ्यांचा विचारच नसतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि जूनमध्ये तो पूर्वेपासून जवळपास २५ अंश ईशान्येकडे सरकून उगवतो. त्यामुळे ईशान्येची उंच इमारत उन्हाळ्यात सकाळचे तास खाते, वायव्येची संध्याकाळचे. दुपारी सूर्य इतका वर असतो की सावली जेमतेम पडते, म्हणून नुकसान दक्षिणेइतकं नाही. पण सोसायटीच्या दोन टॉवरमध्ये दबलेल्या गच्चीला ते जाणवतंच.

याच अक्षांशाचा एक फायदाही आहे. पॅनल दक्षिणेकडे १५ ते २० अंश तिरपं ठेवणं उत्तम, पण कमी तिरप ठेवून पूर्वेला-पश्चिमेला बसवलं तरी आपल्याकडे फार बिघडत नाही. दक्षिणेची सावलीतली जागा आणि पश्चिमेची स्वच्छ जागा यांत निवडायचं असेल तर पश्चिमेची घ्या. दहा अंशांपेक्षा कमी तिरप मात्र शक्यतो नको, पावसाने धूळ वाहून जात नाही.

थोडी सावली चालते का

पॅनलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलवर दाट सावली पडली की त्याच्या रांगेतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. म्हणून पॅनलला साधारणपणे तीन बायपास डायोड असतात. अडलेला भाग बाजूला टाकून बाकीचे चालू राहतात. म्हणजे हातभर सावलीने पॅनलची एक-तृतीयांश वीज जाऊ शकते. ‘पाच टक्के सावली, पाच टक्के तोटा’ असा हिशेब कुणी सांगितला तर तो मानू नका. नवी हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या सेलची) पॅनल थोडी सोशिक असतात. सावली टळतच नसेल तर प्रत्येक पॅनलचं काम वेगळं चालवणारे मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावता येतात, खर्च वाढवून.

पण सगळ्या सावल्या सारख्या नसतात. सूर्याची चकती आकाशात अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे वस्तूपासून तिच्या जाडीच्या सुमारे १०७ पट अंतरापलीकडे गडद सावली उरतच नाही, नुसता फिकट पट्टा पडतो. एक इंची पाइप नऊ फुटांवर असेल तर काळजी नाही. तोच पाइप पॅनलला चिकटून उभा असेल तर सेलवर काळी रेघ उमटते. म्हणून रस्त्यापलीकडच्या विजेच्या तारांवरून घाबरू नका. गच्चीवरचा व्हेंट पाइप आणि डिश आधी हलवा. हे काम प्लंबर आणि केबलवाल्याकडून थोडक्यात होतं.

मीटर घ्यावा का

मोठ्या प्रकल्पांच्या जागी पायरॅनोमीटर लावतात: काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग, तो उन्हाने तापला की सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, त्यावरून वॉट प्रति चौरस मीटर कळतं. वर्षभर नोंदी घेऊन त्या उपग्रहाच्या दीर्घकालीन आकड्यांशी जुळवतात. घरासाठी हे करू नका. काही हजारांत मिळणारा हातातला सोलर मीटर उपयोगाचा आहे तो फक्त तुलनेला: त्याच मिनिटाला, त्याच तिरपेत, गच्चीच्या दोन जागा. स्वच्छ दुपारी तो ९०० ते १००० दाखवेल. एका दिवसाच्या आकड्यावरून वर्षाचं उत्पादन काढता येत नाही. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप तर सोडूनच द्या. लक्स हे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप आहे आणि थेट उन्हात फोनचा सेन्सर अनेकदा त्याच्या मर्यादेपलीकडे जातो.

उद्याची सावली

आजची सावली मोजून झाली की शेजारी बघा. दक्षिणेला रिकामा प्लॉट किंवा पुनर्विकासाला निघालेली जुनी सोसायटी असेल तर किती मजले येणार याची चौकशी आधी करा. नारळ आणि अशोक वाढतच राहतात. कडुनिंब आणि गुलमोहर उन्हाळ्याआधी पानं गाळतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेला अंदाज चुकतो. झाड भरलेलं असतानाच कोन मोजा. धुळीसाठी सोपी परीक्षा: खडी क्रशर, वीटभट्टी किंवा साखर कारखाना जवळ असेल तर काचेचा एक तुकडा गच्चीवर पंधरा दिवस तिरपा ठेवा, मग अर्धी काच पुसून पांढऱ्या कागदावर धरा. फरक डोळ्यांना दिसला तर पॅनल किती वेळा धुवावे लागतील आणि वर पाण्याचा नळ आहे का, हे आत्ताच ठरवा.

शेतात सौर पंप बसवणाऱ्यांनी एवढंच जास्तीचं बघावं: पॅनलच्या दक्षिणेला ऊस किंवा केळी लावणार आहात का? ऊस दहा-बारा फुटांवर जातो आणि तोडणीआधीच्या हिवाळ्यात, म्हणजे सावली सगळ्यात लांब असतानाच, तो पूर्ण उंच असतो. तीच १.२ ची पट्टी लावा आणि तेवढा पट्टा बुटक्या पिकाला ठेवा, किंवा पॅनल शेताच्या दक्षिण बांधाजवळ घ्या, शेजाऱ्याच्या शेतात काय उभं राहतं ते विचारून.

करार करण्याआधी

नकाशा, आखलेल्या सावल्यांचे वेळेसकट फोटो आणि कोनांची यादी सोलरवाल्यासमोर ठेवा. त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: पॅनलची नेमकी जागा आणि उंची दाखवणारं रेखाचित्र, सावलीचा तोटा धरून महिनावार अपेक्षित युनिट, आणि तो तोटा कसा काढला ते. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते क्षमतेवर मिळतं, निघालेल्या युनिटांवर नाही. पॅनलची वॉरंटीही सावलीने घटलेल्या उत्पादनाची भरपाई देत नाही. त्यामुळे महिनावार आकड्यांत डिसेंबर-जानेवारीच्या ओळी आधी वाचा आणि सावलीचा तोटा शून्य लिहिला असेल, तर त्या माणसाला सकाळी साडेनऊला गच्चीवर बोलवा.